पाण्याखालचा मैलाचा दगड

काचदादाला पोहता येत नाही, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. सगळा जन्म पाण्यावर काढलेला, गावच्या आजोबांना आणि त्यांच्या नातवंडांना तळ्याचा तळ दाखवलेला हा माणूस स्वतः कधी गुडघ्यापलीकडे पाण्यात उतरला नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतो, "खानावळवाला आपल्याच खानावळीत जेवतो का?" आणि वल्ही उचलतो.

त्याचं खरं नाव आता विजेच्या बिलावर तेवढं उरलं आहे. बाकी सगळ्यांचा तो काचदादा, कारण त्याच्या होडीच्या बुडाला काच आहे.

ती काच बसवली त्याच्या वडिलांनी. ते सुतार होते. बाजारातलं एक कापडाचं दुकान बंद पडलं, तेव्हा त्याच्या दर्शनी खिडकीची जाड काच त्यांनी घरी आणली आणि चांगल्या धडधाकट होडीच्या बुडाला करवत लावली. धक्क्यावर बसलेल्या मंडळींची हसून हसून पुरेवाट झाली. "सुतार होडीची भोकं बुजवतो असं ऐकलं होतं, हा तर पाडतोय!" वडिलांनी भोकात काच बसवली, कडेच्या फटी लांबी भरून बुजवल्या, वरून डांबर दिलं, काचेभोवती गुडघाभर उंचीची लाकडी चौकट उभी केली आणि तिच्यावर टाकायला बायकोकडून एक मोठं काळं कापड शिवून घेतलं. पाण्यात बघायचं तर ते कापड डोक्यावरून ओढून घ्यायचं, म्हणजे वरचं आभाळ काचेत चमकत नाही. चार-पाच अनोळखी माणसांची डोकी एकमेकांना लागायची. गंमत अशी, की कापडाखाली गेलं की भांडकुदळ माणूससुद्धा कुजबुजत बोलायचा.

आणि दिसायचं तरी काय काय! खाली फिकट वाळू, वाळूवर शिंपले. शिंपला चालतो, हे पुष्कळांना तिथेच पहिल्यांदा कळायचं. तो मागे एक बारीक रेघ सोडत जातो, पहिलीतल्या मुलाने ओढावी तशी वाकडीतिकडी. मधूनमधून पाणगवताचे विरळ झुबके, त्यांच्या सावलीत दबा धरून बसलेला पट्टेरी मासा. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, सगळ्यात शेवटी, मैलाचा दगड. फार पूर्वी बांध घालून तळ्याचं पाणी वाढवलं, तेव्हा काठचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. रस्त्याबरोबर त्याचा दगडही गेला. तो तसाच ताठ उभा होता, अंगावर कोरलेल्या आकड्यासकट.

तो दाखवण्याचा मान आक्काचा. आक्का म्हणजे काचदादाची थोरली बहीण. वडील वल्ही मारायचे, धाकटा चौकट धरून बसायचा आणि दोन वेण्या घातलेली आक्का खड्या आवाजात सांगायची, "मंडळी, माशांची वाट चुकू नये म्हणून हा दगड लावलेला आहे. आजवर एकही मासा तक्रार घेऊन परत आलेला नाही, म्हणजे सगळे नीट पोचले असावेत." लोक हसायचे. प्रत्येक फेरीला तोच विनोद सांगून आक्का स्वतःही हसायची, आणि धाकट्याला तो दर वेळी नव्याने कळल्यासारखा वाटायचा.

मग आक्काचं लग्न झालं. नवरा बसगाड्या दुरुस्त करणारा, लांबच्या शहरातला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची आंधळी भिंत. आक्का त्या खिडकीपाशी मशीन टाकून शिवणकाम करू लागली. सुरुवातीला येणं-जाणं होतं. पुढे मूल झालं, कामं वाढली, मग गुडघे धरले, मग नवऱ्याचं दुखणं. येणं राहिलं ते राहिलंच. राहिला तो रविवारचा फोन. त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"दगड दिसतो का रे?"

तब्येत, पाऊसपाणी, वहिनीची खुशाली, सगळं त्याच्या मागून.

इकडे गाव वाढत होतं. ते कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही, कारण ते सगळ्यांच्याच सोयीने वाढलं. घरोघरी नळ आले, कपडे धुण्याची यंत्रं आली, त्यांच्या पाठोपाठ फेसाळ पावडरी आल्या. वरच्या उतारावरच्या शेतांत गोण्यांनी खत पडू लागलं. काठावर बंगले झाले, बंगल्यांपुढे हिरवळी झाल्या, हिरवळींना पुन्हा खत. मोरीचं, संडासाचं, शेताचं सगळं पाणी नाल्यांवाटे यायचं ते तळ्यात. तळं आईसारखं सगळं पोटात घालतं, असं लोक कौतुकाने म्हणायचे. आईच्या पोटालाही अंत असतो, हे कुणी म्हटलं नाही.

पहिली काही वर्षं तर आनंदीआनंद होता. जे खत शेतात पीक वाढवतं, तेच पाण्यातही वाढवतं. पाणगवत तरारून वर आलं. मासे पोसले. गळ टाकून बसणारे खूश. धक्क्यावरचा चहावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "तळ्याने बाळसं धरलंय!" बाळसं कोणतं आणि सूज कोणती, हे ओळखणारा माणूस गावात नव्हता.

काचदादा मात्र कावला. वडील गेले होते, होडी त्याच्याकडे आली होती. गवत वल्ह्यांना वेढायचं. काचेतून बघावं तर खाली नुसतं रान. एक दिवस कापडाखालून एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आम्ही तळ बघायला आलोय की भाजीचा मळा?" बाकीचे फिदीफिदी हसले. काचदादाच्या ते जिव्हारी लागलं. बापाने होडीला भोक पाडून कमावलेलं नाव गवताखाली जाणार, हे त्याला सोसवेना.

त्याने लोहाराकडून लांब दातांचं एक दाताळं करून घेतलं, त्याला दोर बांधला आणि पहाटे, गिऱ्हाइकं यायच्या आधी, तळ्याचा तळ विंचरायला घेतला. विंचरणं हा त्याचाच शब्द. अख्खा हंगाम तो विंचरत होता. काठावर गवताचे ढीग लागले. आळशी माणसाच्या हातून अशी चूक झाली नसती, त्याने चार दिवसांत कंटाळून दाताळं टाकून दिलं असतं. काचदादा कष्टाळू होता. गावाने कौतुक केलं, नगरपालिकेने भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. त्या उन्हाळ्यात तळ इतका स्वच्छ दिसला, की वडिलांच्या वेळीही तसा दिसला नव्हता. रविवारी तो फोनवर ओरडलाच, "आक्का, दगडावरचा आकडा वाचता येतोय गं!"

पुढच्या वर्षी ऊन तापलं आणि आठवडाभरात पाणी हिरवं झालं. पानासारखं हिरवं नव्हे, रंगाऱ्याने डबा उपडा केल्यासारखं. गवत होतं तोवर तळ्यात येणारं खत गवत खात होतं. गवत गेलं, ताट तसंच वाढलेलं राहिलं, फक्त जेवणारा बदलला. एकेक वेगळं दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ सगळ्या पाण्यात माजलं. त्याने ऊन वरच्यावर अडवलं, त्यामुळे खाली गवताचा कोंबही धरेना. मुळांनी धरून ठेवलेला गाळ मोकळा झाला होता, तो जरा वारा सुटला की वर यायचा. शेवाळ मरून तळाशी जायचं, कुजायचं आणि कुजता कुजता पाण्यातला प्राणवायू संपवून टाकायचं. एका सकाळी पट्टेरी मासे काठाला लागले, पांढरी पोटं वर करून, धक्क्यापासून पार बांधापर्यंत. त्या दिवशी काचदादाने होडी सोडली नाही. महिन्याभरात चहावाल्याने आपली टपरी उचलून बाजारात नेली आणि काठावर पाटी लागली, पाण्यात उतरू नये, जनावरांना पाजू नये.

नेमकं त्याच दिवसांत आक्काच्या नवऱ्याला पहिल्यांदा दवाखान्यात न्यावं लागलं. रविवारी फोन आला.

"दगड दिसतो का रे?"

काचदादाने तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण आक्काचा आवाज ओढलेला होता. मागे कुणीतरी कण्हत होतं.

"दिसतो की," तो म्हणाला.

"बरं वाटलं बाई ऐकून."

खोटं एकदा घरात घेतलं, की त्याला रोज जेवू घालावं लागतं. पुढच्या रविवारी नुसतं 'दिसतो' म्हणून भागेना. मग एकदा दगडाला शिंपल्याने वळसा घातला. एकदा पट्टेऱ्याची पिल्लं दगडाआड लपली. मग एक कासव आलं आणि दगडावर बसलं. आक्काला ते कासव फार आवडलं, म्हणून ते बसूनच राहिलं.

काचदादाची बायको लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. बोलण्यालाही इस्त्रीइतकीच धग. फोन ठेवला की ती म्हणायची, "अहो, त्या कासवाला आता पेन्शन बसवा. किती वर्षं बसवून ठेवलंय बिचाऱ्याला!" पण नवरा संध्याकाळी रिकाम्या धक्क्यावर फार वेळ बसला, तर तीच शाल घेऊन जायची. "चला घरी. एकटे तुम्हीच काय कपाळाला हात लावून बसता? आमच्या लॉन्ड्रीतून किती फेस गेलाय त्यात! सगळ्या गावाने मिळून वाढलंय त्याला."

होडीला पुन्हा काम लागलं ते तळ्याच्या डॉक्टरीणबाईमुळे. ही माणसांची डॉक्टर नव्हे. पाण्याचा अभ्यास केलेली, बोलायला चटपटीत, पायात कायम गमबूट. तिला बाटल्यांतून पाणी भरायचं असायचं आणि दोरीला बांधलेली एक काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडून ती कुठवर दिसते ते बघायचं असायचं. इंजिनाच्या होडीने गाळ ढवळतो, म्हणून तिला वल्ह्यांची होडी हवी होती.

पहिल्याच दिवशी थाळी हातभरही खाली न जाता दिसेनाशी झाली. "दादा, हे असं एकदम नाही होत," ती दोरी गुंडाळत म्हणाली. "खत तर येत होतंच. पण इथे गवत भरपूर असणार. ते कुणीतरी एकदम उपटून काढलेलं दिसतंय. पाण्यातले बारीक किडे दिवसा त्या गवतात लपतात आणि तेच शेवाळ खातात. गवत गेलं, किडे गेले. कुणी केलं असेल हो?"

काचदादाची वल्ही थांबली. होडी आपोआप थोडी पुढे गेली आणि उभी राहिली.

"मीच," तो म्हणाला.

तिने दोरीचं वेटोळं मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "गवत तुम्ही काढलंत. पण खत काही तुम्ही एकट्याने नाही घातलं. नुसतं गवत काढून तळं मरत नाही." त्याला ते समजलं. मात्र त्या रात्री तो जेवला नाही.

तोवर गावाने सांडपाणी साफ करायचा कारखाना बांधला होता, नाले वळवले होते. लोकांना वाटलं, आता झालं. पण पाणी हिरवं ते हिरवंच. डॉक्टरीणबाई सांगायची, इतक्या वर्षांचं खत खालच्या गाळात मुरलंय, ते उन्हाळ्यात हळूहळू वर सुटत राहतं. वाट बघायची आणि गवताला परत बोलवायचं. तिने उत्तरेचा कोपरा खुंट आणि दोर लावून बंद केला, गाळ उकरणारे मासे आत येऊ नयेत म्हणून जाळी टाकली आणि दुसऱ्या तळ्यातून आणलेल्या गवताच्या काड्या एकेक खडा बांधून खाली सोडल्या. ज्या हातांनी गवत उपटलं, त्याच हातांनी काचदादाने ते खडे बांधले. राखणही त्याच्याकडेच आली. चुकून एखादी होडी दोराजवळ गेली तर तो धक्क्यावरून असा ओरडायचा, की बायको म्हणायची, "माझ्यावर कधी इतका जीव लावला नाहीत."

दोन उन्हाळे काही झालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात गवताने मूळ धरलं. दोराच्या आतलं पाणी निवळायला लागलं, आणि बाहेर हिरवं, आत नितळ, असा फरक धक्क्यावरूनही ओळखू येऊ लागला. काचदादा रोज काळं कापड ओढून बघायचा. काचेखाली गवताचं दाट रान हलत असायचं. एका ठिकाणी ते जरा उंच होतं. त्याच्या खाली दगड आहे, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पण दगड दिसत नव्हता.

अशातच आक्काचा फोन आला. मधल्या काळात तिचा नवरा गेला होता. मुलगा परदेशात होता, तो आता आईला कायमची तिकडे नेणार होता.

"जायच्या आधी एक दिवस येते," आक्का म्हणाली. "गुडघे काय, दुखतातच. तो दगड एकदा बघते आणि जाते. मग काय, मी कुठली परत येतेय!"

"ये ना," काचदादा म्हणाला.

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. "आता?"

"सांगतो तिला."

"कधी? बसमधून उतरताना की परत चढताना?"

आक्का यायची त्या सकाळी तो माळ्यावर चढला आणि जुनं दाताळं खाली घेऊन आला. अंगणात बसून त्याचे दात पुसायला लागला.

"हे कशाला काढलंत?"

"गंज चढलाय."

"आज आठवण झाली गंजाची?" बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, जे बोलायचं ते तोंडाने बोला. दाताळ्याने नको."

दाताळं त्याने होडीत नेऊन ठेवलं. डॉक्टरीणबाई त्या दिवशी शहरात गेलेली होती.

दुपारी आक्का बसमधून उतरली. केस पांढरे झालेले, एका हातात काठी, पण आवाज तसाच खडा. "वहिनी, किती वाळलीस गं! हा जेवू घालतो की नाही तुला? चहा मागून. आधी होडी."

धक्क्यावर ती थबकली. "हे पाणी असं काय रे?"

"कडेला होतं कधी कधी," काचदादा म्हणाला आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटून खाली बघायला लागला.

होडी निघाली. कड संपली, मधलं पाणी आलं, तेही हिरवंच. आक्काने एकदा पाण्यात बोट बुडवलं, वर काढून पाहिलं आणि पदराला पुसलं. दोर आला. काचदादाने तो वल्ह्याने वर उचलला, होडी खालून आत गेली, आणि पाणी बदललं. आक्काचा चेहरा उजळला. ती काठी टाकून गुडघ्यांवर बसली, "आई गं" म्हणाली आणि काळं कापड डोक्यावरून ओढून घेतलं. काचदादाही तिच्या शेजारी कापडाखाली गेला.

बराच वेळ दोघं बघत होती.

"गवतच आहे," आक्का कुजबुजली.

"हं."

"दगड कुठाय?"

"तो उंचवटा दिसतो ना, त्याच्या खाली."

"कासव कशावर बसत होतं मग? गवतावर?"

काचदादा कापडाची कड बोटांत चुरगाळत राहिला.

"कधीपासून रे?"

"भावोजींना पहिल्यांदा दवाखान्यात नेलं ना तुम्ही, तेव्हापासून."

आक्काने कापड भिरकावलं. उन्हात तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "त्या खिडकीतल्या भिंतीकडे बघत मी मशीन मारायचे आणि मला तो दगड दिसायचा. ह्यांना औषध पाजताना सांगायचे, सगळं बदललं तरी आमच्या माहेरी पाण्याखाली एक दगड आहे, तो अजून दिसतो. शेवटी शेवटी तेच मला विचारायचे, काय म्हणतंय तुझं कासव? आणि तू इकडे बसून कासवं सोडत होतास माझ्याकडे!"

"तुला बरं वाटायचं गं."

"लहान मूल आहे मी?"

तेवढ्यात तिची नजर दाताळ्यावर गेली. शिवणकाम करणारी बाई ती, हत्यार कशासाठी आहे हे तिला सांगावं लागलं नाही.

"हे आणलंयस, म्हणजे काढता येतं ना?" तिचा आवाज एकदम खाली आला. "काढ मग. सगळं नको. ताटाएवढं. मला एकदा बघू दे रे. मी काय उद्या परत येणार आहे?"

काचदादाने दाताळं उचललं. त्याला नीट माहीत होतं, दोन ओढींचं काम आहे. गाळ वर येईल, तो तासाभरात बसेल, आणि मग दगड. त्यालाही किती वर्षं झाली होती! दाताळ्याचे दात पाण्याला लागले आणि तिथेच थांबले.

"आक्का, हे तळं मी घालवलं," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. भाजीचा मळा म्हणणारं गिऱ्हाईक, पहाटेचं विंचरणं, भिंतीवरचं घड्याळ, काठाला लागलेले मासे. "तेव्हाही मला एवढंच वाटलं होतं, लोकांना एकदा नीट दिसू दे."

"ताटाएवढ्याने काय होतंय?"

"काही होणार नाही कदाचित. पण मला माझा हात माहितेय. मी ताटाएवढ्यावर थांबणार नाही गं. दगड दिसला की आकडा बघावासा वाटेल. आकडा दिसला की रस्ता. तू गेलीस की मी एकटाच येईन उद्या, हेच घेऊन."

"दे इकडे!" आक्का म्हणाली. थोरल्या बहिणीने हात पुढे केला की द्यायचं, ही लहानपणची सवय. त्याने दिलं. आक्काने दाताळं दोन्ही हातांत धरलं, पाण्याकडे पाहिलं. तिने ते रागारागाने होडीत आपटायला उचललं.

"काच!" काचदादा किंचाळला.

आक्का जागच्या जागी थिजली. मग तिने दाताळं अलगद, तान्ह्या पोराला निजवावं तसं, होडीच्या कडेला आडवं ठेवलं. हसू दोघांनाही येत होतं, पण दोघांनीही ते गिळलं.

तिने पुन्हा कापड ओढून घेतलं. या वेळी काचदादा बाहेरच बसला.

"एक पट्टेरी आहे रे," कापडाखालून आवाज आला.

"यंदापासून येतात."

"लहान आहे."

"हो. सगळे लहानच आहेत अजून."

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "किती वर्षं लागतील?"

"बाई नक्की सांगत नाहीत. पाणी सगळं निवळलं, तर गवत आपणहून विरळ होईल म्हणतात. दहा, पंधरा. जास्तही."

"म्हणजे आपण नाही बघत."

"नाही बहुतेक."

कापड हललं नाही. काचदादाने वल्ही आत घेतली आणि होडी तशीच उभी राहू दिली. ऊन कलायला लागलं तेव्हा आक्का बाहेर आली. डोळे पुसलेले होते. "माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"असू दे."

रात्री ती वहिनीशीच बोलत बसली, इस्त्रीबद्दल, सुनेबद्दल, परदेशातल्या थंडीबद्दल. भावाकडे तिने पाहिलंही नाही. सकाळी बस सुटायच्या वेळी मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फोन करीन. पण कासव काढलंस तर तिथल्या तिथे ठेवून देईन."

त्यानंतरचे दोन रविवार फोन आला नाही. बायको म्हणाली, घर लावत असतील वन्सं, नवी जागा आहे. काचदादाने मान हलवली आणि फोनजवळची खुर्ची काही सोडली नाही.

तिसऱ्या रविवारी घंटा वाजली. आवाज लांबून येत होता. आपण बोललेलं पोचायला आणि तिकडचं यायला मध्ये जरा वेळ जात होता.

"दगड दिसतो का रे?"

काचदादाने बायकोकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

"नाही दिसत," तो म्हणाला.

मधला वेळ गेला. त्याला वाटलं, ठेवला बहुतेक.

"मग काय दिसतं?"

"गवत. पाण्याच्या वर बारीक पांढरी फुलं आली आहेत त्याला. गोगलगाई आहेत पानांवर. मध्ये दोन दिवस पाऊस पडला तर आतलं पाणीही गढूळ झालं होतं, काल निवळलं. मधल्या पाण्यात काही नाही गं, ते हिरवंच आहे. थाळी हातभरच दिसते तिथे." तो जरा थांबला. "आणि दोराच्या बाहेर एक झुबका निघालाय. कुणी लावलेला नाही. बाई म्हणाल्या, यंदा टिकला तर बघू."

"बाहेर म्हणजे कुठे? बांधाच्या बाजूला की धक्क्याच्या?"

"धक्क्याच्या."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग पुढे," आक्का म्हणाली.